सहाव्या आवृत्तीचं नाव

वडिलांच्या खुर्चीवर ती बसली तेव्हा काकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने तो फिरवू दिला.

"आलीस, बरं झालं, बाळ," ते म्हणाले. "नाव ठरलं की लगेच छापायला."

टेबलावर खेळाच्या नियमपुस्तकाची टाइप केलेली प्रत आणि मुखपृष्ठाचा नमुना होता. वर आवृत्तीच्या नावासाठी कोरी पट्टी, खाली ठळक अक्षरांत काकांचं नाव. एकट्याचं. पाचव्या आवृत्तीपर्यंत तिथे दोन नावं असायची. हा खेळ वडील आणि काका या दोघा मित्रांनी मिळून रचला होता: टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. सहाव्या आवृत्तीचे नियम मात्र वडिलांनी आजारपणात, निळ्या वहीत, एकट्याने लिहिले. काका दवाखान्यात आले, "टाइप करून आणतो" म्हणत वही घेऊन गेले, ते गेलेच. वडील रोज विचारत, "वही आली का गं?" ती सांगायची, "येतेय, बाबा." अकरा दिवस ती हे खोटं बोलली. बाराव्या दिवशी विचारणारं कुणी उरलं नाही.

नावाची रीत ठरलेली होती. नव्या नियमांनी एक डाव खेळायचा. शेवटी ज्याच्याकडे जास्त फासे, त्याने नाव ठेवायचं आणि ते कुणी बदलायचं नाही. आजवर काकाच जिंकत आले होते. या वेळचं नाव तर त्यांनी खिशात घालूनच आणलं होतं: 'सम्राट आवृत्ती'.

"सम्राट कोण, ते विचारायलाच नको," पुस्तकाची चित्रं काढणाऱ्या बाई म्हणाल्या. गोष्ट सांगायचं काम त्यांचं. त्यांनी पत्र्याचा डबा उघडून पात्रांचे जुने कागद वाटले. काकांचा सेनापती. वडिलांचा वाटाड्या, आता तिचा.

तिचा वाटाड्या पहिल्यापासूनच लंगडत निघाला.

"काय झालं त्याला?" काकांनी विचारलं.

"दमलाय."

"बापावर गेलीस अगदी. तोही असाच रेंगाळायचा."

तिचा वाटाड्या आणखी मागे पडला.

बाईंनी वाटेत एक पूल आणला आणि त्याला आग लावली. "सेनापती, एकटे पळालात तर सुटाल. वाटाड्याला खांद्यावर घेतलंत तर दोघांचंही कठीण."

"मी पळतो," काका म्हणाले.

"नक्की, काका?"

"खेळ आहे गं बाळ. मनाला लावून घ्यायचं नसतं."

ते सोडून जाणार हे तिला ठाऊकच होतं. तिला फक्त तशी वेळ आणणारा एखादा पूल हवा होता.

"पान एक्क्याण्णव," ती म्हणाली.

स्वतःच्याच पुस्तकातलं पान काकांना सापडेना. शेवटी बाईंनी पुस्तक ओढून घेतलं आणि मोठ्याने वाचलं, "साथीदाराला न सोडण्याची शपथ जो मोडेल, त्याचे सगळे फासे त्या साथीदाराला मिळतील."

"हे कुणी घातलं?" काका म्हणाले.

"तुमचंच पुस्तक ना?" ती म्हणाली. वही त्यांनी नेली, दुसऱ्याकडून पानाला पान जुळवून टाइप करून घेतली, वाचली मात्र नव्हती. ती लिहिली जात असताना रोज संध्याकाळी तिनेच ती वडिलांना वाचून दाखवली होती.

"आणि शपथ कुणी घेतली होती?" काकांनी विचारलं.

तिने सेनापतीचा पिवळा पडलेला कागद उलटा केला. मागे काकांचं तरुणपणीचं तिरपं अक्षर होतं: वाटाड्याला कधीही सोडणार नाही. खाली सही.

बाईंनी ती शपथ वाचली आणि चष्मा काढला. "सम्राट, फासे द्या तिला."

तिने पेन उचललं. "खालचं नाव असंच राहणार ना, काका?"

"एक अक्षर हलणार नाही," ते गुरगुरले.

"नकोच हलायला."

तिने कोऱ्या पट्टीवर लिहिलं: मित्राची वही.

काकांनी वरची ओळ वाचली, खाली आपलं नाव वाचलं, पुन्हा वरची ओळ वाचली. त्यांचा आवाज उतरला. "लोक विचारतील, बाळ. जिथे जाईन तिथे. कुठला मित्र, कुठे आहे वही..."

"मलाही बाबा रोज विचारायचे," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगत बसा."