तायाप्पाची गणपूर्ती

ग्रामसभा हे लोकशाहीचं सर्वांत मोठं सभागृह आहे आणि तिथे प्रत्येक मतदार हा आमदार असतो. आमच्या चिंचखोरीत हे सर्वांना मनापासून मान्य आहे. त्यामुळे आमदारांसारखेच आम्हीही सभागृहात फारसे जात नाही.

"म्हंजे उद्याबी येणार न्हाय?" ग्रामपंचायतीचा शिपाई तायाप्पा कोळेकर हलगी काखेत मारून पारावरच्या बापू शितोळ्यांना विचारत होता.

"येणार की," बापू म्हणाले. "तहकूब झाल्यावर येतो. आधी येऊन काय करू? रिकाम्या खुर्च्यास्नी रामराम घालू?"

"ह्या बारीला आधी या. माजी शेवटची दवंडी हाय."

"मागल्या बारीलाबी असंच म्हणलावतास."

"तवा आजारी हुतो, वाटलं जातोय. आता रिटायर हुतोय."

"मग बघू," बापू म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ नाही असा होतो.

ग्रामसभेला शंभर माणसं जमली की गणपूर्ती झाली. नाही जमली तर अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब करायची आणि लगेच पुन्हा भरवायची. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. कायदा करणाऱ्यांनी ही सोय अडीअडचणीसाठी ठेवली असावी. आम्ही तिची परंपरा केली. दहाची सभा साडेदहाला सुरू होते हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. दहा वाजता हजर असायचा तो एकटा तायाप्पा. खुर्च्या पुसायचा, फोटोला हार घालायचा आणि अर्ध्या तासानं त्या रिकाम्या खुर्च्यांनाच सभा तहकूब झाल्याचं खड्या आवाजात सांगायचा. नियम म्हणजे नियम.

तायाप्पा नोकरीला लागला तेव्हा सरपंच आपल्याच ओसरीवर पान लावता लावता सभा उरकायचे आणि शिपायानं चुना पुढे करायचा. पुढे राखीव जागा आल्या. त्यांवर बायका निवडून आल्या आणि बायकांच्या मागोमाग त्यांचे नवरे आले. मग नवऱ्यांची खुर्ची दाराबाहेर गेली. हल्ली कलाक्का सरपंच झाल्यापासून त्यांचे यजमान घरीच असतात आणि भाकरी चांगली करतात म्हणे. एवढा राज्यकारभार बदलला. दहा वाजताच्या रिकाम्या खुर्च्या तेवढ्या तशाच राहिल्या. आता पंचायतीचा मोबाइलवर ग्रूप झाला होता. तायाप्पाच्या जागी दुसरा दवंडीवाला नेमायचा नव्हता.

त्याचं त्याला फार वाईट वाटत नव्हतं. वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आदल्या आठवड्यात जेवताना त्याची बायको हौसाबाई सहज म्हणाली होती, "जलमभर गल्लीगल्ली बोंबलत हिंडलासा. तुमच्या हाकंला कुणी एकदा तरी वेळंवर आलं का?"

तायाप्पा उरलेली भाकरी तशीच ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी तो कलाक्कांपुढे उभा राहिला.

"अक्का, सत्काराचं काय करू नका. नारळ नको, शाल नको. एकदा भरल्याली सभा बघायची हाय. गणपूर्तीची. हौशीलाबी दावायची हाय."

सभेच्या आदल्या संध्याकाळी कलाक्का गिरणीत दळणाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

"दुष्काळात टँकर आला की आधी तुमच्या दारात कोण वराडायचं गं? सगळा गाव उठवून मग तायाप्पा सोताची घागर घिऊन जायाचा, तवर टँकर रिकामा. उद्या धाला यायचं. बरोबर धाला. नवऱ्यालाबी आणायचं."

"नवरा नाय आला तर?"

"तर भाकरी त्यालाच करू द्या."

आणि सकाळी आक्रीत झालं. दहाच्या आधीच माणसं यायला लागली. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, माणसं खिडकीत बसली. खुद्द बापू शितोळे धुतलेलं धोतर नेसून पुढच्या रांगेत होते. तायाप्पा दारात हलगी धरून उभा. आत यावं की बाहेर राहावं हे त्याला कळेना. गणपूर्ती झाली होती. फक्त ग्रामसेवक भाऊसाहेब आले नव्हते, आणि त्यांच्याशिवाय सभा चालत नाही. त्यांच्याकडे तीन गावांचा कारभार.

तायाप्पानं फोन लावला. "भाऊसाहेब, सभा खोळंबली."

"तहकूब करा की. येतोच मी साडेदहापर्यंत."

"न्हाय, गणपूर्ती झाली."

पलीकडून भाऊसाहेबांचं हसणं सगळ्या सभेला ऐकू आलं. "तायाप्पा, रिटायर व्हायच्या दिवशी तरी चेष्टा नको. मी चहा घेतोय."

"बसा हो," कलाक्का म्हणाल्या. "कामकाज न्हाय तर न्हाय. ज्याला ह्या माणसाबद्दल बोलायचं त्यानं बोलावं."

सगुणाआजी उठल्या. "माजी म्हस हरवलीवती, तवा ह्यो चार वाड्या वराडत गेला. म्हस घावली. पर कदी कपभर दूध घेतलं न्हाय ह्यानं."

"आज्जे, म्हस आटलीवती," तायाप्पा दारातून म्हणाला.

हसू पिकलं. मग कुणाला पुराची हाळी आठवली, कुणाला पोरांच्या पोलिओ डोसाची. बापूंनी जाहीर केलं, "ह्येच्या हलगीनं माजी दुपारची झोप कायम मोडली. तरी माणूस चांगला." तायाप्पाला कुणीतरी धरून खुर्चीत बसवलं. त्या खुर्च्या त्यानं अनेकदा पुसल्या होत्या, बसला आज.

"बोल की तायाप्पा!"

तो उठला. ज्याचा आवाज ओढ्यापलीकडे जायचा, तो पुढच्या रांगेलाही नीट ऐकू येईना. "आलासा," तो म्हणाला. "लई झालं." मग त्यानं बायकांच्या बाजूला बघितलं. "हौशे, आली बग समदी."

हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि एवढ्या माणसांना चहा टाकायला म्हणून त्या लगबगीनं घरी निघाल्या.

तेवढ्यात शेतीची लाइट आली.

ऊस वाळत होता. मोटार चालू करायला जो तो उठला. मोटारसायकली सुरू झाल्या, पाठोपाठ बाया निघाल्या. सगुणाआजींनी जाता जाता तायाप्पाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. बघता बघता खुर्च्या नेहमीसारख्या झाल्या.

साडेदहाला भाऊसाहेब आले. त्यांनी एक नजर फिरवली आणि समाधानानं मान हलवली. "बघा. म्हटलं नव्हतं? गणपूर्तीअभावी तहकूब."

"अवो भाऊसाहेब, आत्ता हितं..." कलाक्का तडकल्या.

"ऱ्हाऊ द्या, अक्का," तायाप्पा म्हणाला. त्याचे डोळे अजून ओले होते आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा. "बघायचं ते बघून झालं."

तहकूब सभा सुरू झाली. आभाराच्या ठरावाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक. कलाक्का अध्यक्ष, त्यांना सुचवता येत नाही. भाऊसाहेब गावचे मतदार नाहीत. बापूंना पुढच्या रांगेत झोप लागली होती. त्यांना उठवून सूचक केलं.

श्री. तायाप्पा कोळेकर यांच्या सेवेबद्दल गाव त्यांचं कायम ऋणी आहे, हा ठराव एकमतानं मंजूर झाला. अनुमोदन तायाप्पानं दिलं.