हात बसलेला रंधा

भागीरथाने रंधा बाबांच्या पोटावर ठेवला आणि त्यांचा उजवा हात उचलून त्यावर टेकवला. रुपराव सुतारांची नजर कधीच गेली होती. त्यांनी अंगठ्याने मूठ चाचपली आणि रंधा बाजूला लोटला.

"हा माहा नाही वं."

"बरं," म्हणत तिने तो खाटेखाली सारला. तिथे आता मांजर शिरायलाही जागा नव्हती. पटाश्या, वाकस, गिरमिटं, दात गेलेल्या करवती आणि रंधेच रंधे! भंगारवाले सुटा रंधा देत नसत, घ्यायचं तर अख्खं पोतं घ्या म्हणत. हे सारं त्या देवरावामुळे. तिचा हा धाकटा भाऊ वाडीला भाड्याच्या खोलीत राहायला गेला आणि जाता जाता बापाची हत्यारं भंगारात देऊन मोकळा झाला. वर म्हणतो कसा, "जुनं लाकूडच तं होतं!" आता याला काय म्हणावं!

आणि इकडे म्हाताऱ्याने अन्नावरची वासनाच सोडली होती. पेजेची वाटी तोंडाशी नेली की मान फिरवायचे. एकच धोसरा, माहा रंधा आना. डॉक्टरांनीही हात टेकले होते. भागीरथाने कामठीपासून वाडीपर्यंत सगळी भंगाराची दुकानं पालथी घातली. बाप आपल्या डोळ्यांदेखत असा विझत चाललेला तिला बघवत नव्हता.

शेवटी गांधीबागेमागच्या एका दुकानात बाबांचा रंधा सापडला. कडेला हिरव्या रंगाचा ओघळ होता, तिच्या लग्नाची पेटी रंगवताना सांडलेला. तिने रंधा छातीशी धरला आणि भर रस्त्यात हमसून हमसून रडली. लोक बघत होते, बघोत बापडे.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. पूजेचं हत्यार लख्ख पाहिजे, ही बाबांचीच शिस्त. आणि हा रंधा तर काळाकुट्ट, तेलकट, मूठ एका अंगाला खचलेली. भंगारात काय हाल झाले असतील बिचाऱ्याचे, असं मनाशी म्हणत ती काचकागद घेऊन बसली. मूठ घासून घासून सारखी केली, पात्याचा गंज काढला, वर जवसाच्या तेलाचा हात दिला. रंधा कसा लग्नाला निघाल्यासारखा दिसू लागला. हळदकुंकू लावून, आपट्याची पानं वाहून ती तो बाबांकडे घेऊन गेली.

"बाबा, पाहा तं."

अंगठा मुठीवरून फिरला, घसरला, पुन्हा मागे आला. त्याच एका जागी तो काहीतरी शोधत राहिला.

भागीरथाला एकदम उमगलं. ती मूठ भंगारात खचलीच नव्हती. उभ्या जन्मात बाबांचा अंगठा तिथे रुतला होता. आणि पोटच्या पोरीने तो घासून काढला होता.

"नवा हाय हा," रुपराव म्हणाले. "याले अजून कोनाचाच हात नाही लागला."

सांगावं का? हाच तुमचा रंधा, बाबा, म्याच घासला. शब्द ओठांपर्यंत आले. पण मग यांनी वाट कशाची पाहायची? तिने पदराचा बोळा तोंडाशी दाबला.

"काहून बोलत नाही वं?"

"नवाच हाय, बाबा." ती खाटेची दोरी घट्ट धरून होती. "तुमचा अजून भेटला नाही. पाहून राहिली मी."

"भेटन." रुपरावांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी धुगधुगी आली. "हात बसलेला रंधा कुठी जाते? उद्या लवकर निघजो. अन् मले थोडी पेज दे. वाट पाहाले अंगात जीव तं पाहिजे."

वाटीभर पेज त्यांनी पिऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, बाबांना ऐकू जाईल अशी कडी वाजवून भागीरथा घराबाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. कुठल्या बाजूला वळावं, तिला समजेना.