दिसतंय म्हणाल्या

त्याने तिसऱ्या कम्प्युटरवरही तेच पान उघडलं. तिन्हीकडे नाव ठणठणीत होतं. त्यातल्या एका रोमन अक्षराच्या डोक्यावरचे दोन ठिपके जिथल्या तिथे. मग त्याने टेबलावरचं पत्र पुन्हा हातात घेतलं.

पत्र एका मुलीचं होतं. बंदरावर काम करताना जीव गेलेल्या माणसांची यादी ऑफिसच्या वेबसाइटवर होती आणि त्यात तिच्या वडिलांचं नाव होतं. ते क्रेन चालवायचे. ‘आईच्या कम्प्युटरवर बाबांच्या नावात सहा वर्षं भलतीच चिन्हं घुसलेली आहेत. ती म्हणते, आता त्यांना आणखी त्रास देऊ नकोस. तिच्याकडे बाबांचं नाव असं कुठे छापलेलं दुसरं काही नाही.’

ऑफिसात त्याला ठिपकेवाले म्हणत. ठिपके, टोप्या, शेपट्या असलेली अक्षरं एका कम्प्युटरवर नीट दिसायची आणि दुसऱ्यावर त्यांचा पार विचका व्हायचा. ते निस्तरायचं लचांड त्याच्याच गळ्यात. अठरा वर्षांत त्याच्या नाकी नऊ आले होते. हल्ली तर ठिपक्यांचं नाव काढलं तरी त्याला जांभई यायची.

त्याने जुन्या तक्रारी उकरल्या. मुलीच्या आईच्या, या बाईंच्या, तीन निघाल्या, तिन्ही बंद केलेल्या. प्रत्येकीखाली त्यानेच टाइप केलेली तीच ओळ: ‘फोन केला. दिसतंय म्हणाल्या.’ ऑफिसचा नियमच तसा होता. माणूस फोनवर दिसतंय म्हणाला की तक्रार संपली.

खोट सापडायला दुपार झाली. आपल्यावर कोणती लिपीसंहिता, म्हणजे अक्षरं साठवायची कोणती पद्धत, वापरली आहे, हे ते पान कुणाला सांगतच नव्हतं. त्याचे तिन्ही कम्प्युटर बरोबर अंदाज बांधत, कारण ते त्यानेच एका छापाचे करून ठेवले होते. बाहेरचा कम्प्युटर आपल्या मनाने वाचायचा. फाटकावरच्या रखवालदाराच्या जुनाट कम्प्युटरवर त्याने पान उघडलं, तर चांगल्या नावाच्या पोटात दोन किडे बसलेले. इतकी वर्षं आपण स्वतःच्याच आरशात बघून जगाचं तोंड धुतलंय म्हणत होतो, असं त्याला वाटलं. लाज वाटली, आणि लाजेहून थकवा जास्त.

पानात ते सांगणारी एक ओळ कमी होती. जागेवर येऊन त्याने ती टाइप केली आणि बाईंना फोन लावला. त्यांच्या डोळ्यांदेखत नाव दुरुस्त व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती.

“काकू, बंदराच्या ऑफिसातून बोलतोय. वेबसाइटचं काम बघतो मी.”

“अगंबाई! पोरीने कळवलं वाटतं? मी नको नको म्हणत होते तिला.”

“बरं केलं कळवलं. चूक आमचीच होती. यादीचं पान उघडता का?”

“हो, हो. बसलेच आहे.”

तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली. फोन लांब धरून तो बराच वेळ खोकला, पाणी प्यायला. “माफ करा हां. आता पान बंद करून परत उघडा.”

“दिसलं हो!” त्या लगेच म्हणाल्या. “अगदी छान दिसतंय. दोन्ही ठिपके आले. फार उपकार झाले तुमचे.”

त्याचा जीव भांड्यात पडला. सवयीने बोटं तक्रारीच्या रकान्याकडे गेली. ‘फोन केला. दिसतंय’ एवढं टाइप झालं आणि त्याचं लक्ष स्क्रीनवरच्या बाजूच्या खिडकीकडे गेलं. नवी ओळ अजून त्याच्याच कम्प्युटरवर होती. ती वेबसाइटवर चढवायचं बटण त्याने दाबलंच नव्हतं.

त्याने कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले.

“काकू, मी अजून काहीच बदललेलं नाही.”

“तुमचा आवाज फार दमलेला वाटला हो,” त्या म्हणाल्या. “मागेही तसाच वाटायचा. म्हटलं, कशाला आणखी एक काम लावा.”

त्याने तक्रारीखाली टाइप केलेलं पुसलं आणि वेबसाइटवर चढवायचं बटण दाबलं.

“आता बघा. आणि नाही दिसलं तर नाही म्हणा. मी कुठे जात नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मग थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “कम्प्युटर चालू करते.”