हौसाचं राहिलेलं माप

तिसऱ्या इंजेक्शननंतर श्रीपती गुरवांच्या डाव्या कानातून उजेड यायला लागला. पिवळा, स्थिर उजेड. चौतीस वर्षं वायरमन म्हणून खांबांवर चढलेल्या माणसाला व्होल्टेज बरोबर आहे हे लगेच कळलं. उशीवर आडवं होऊन त्यांनी त्या उजेडात अख्खा पेपर वाचून काढला.

मिरजेच्या संशोधन केंद्रात डॉक्टर मृणाल यांनी वहीत लिहिलं : डावा कान, साधारण चाळीस वॉट.

“काका, काही त्रास?”

“झोपताना बटण सापडत नाही, तेवढंच.”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. माणसाच्या पेशीपेशीत बारकी वीजघरं असतात. तंतुकणिका म्हणतात त्यांना. इंजेक्शनातलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा बारका तुकडा, मुळात तिथलंच, पण वय वाढलं की कमी पडतं. बाहेरून दिलं तर मेंदू टिकतो का, म्हातारपण नीट जातं का, ते बघायचं होतं.

“आणि गंमत म्हणजे, ही वीजघरं माणसाला फक्त आईकडून मिळतात. बापाचा त्यात हात नाही.”

“तरीच,” श्रीपती म्हणाले. “आत आई आलीय.”

आई एकटी नव्हती. आईकडची आजी होती, पणजी होती. तुरीच्या दाण्याएवढ्या तिघी, पदर खोचून सकाळपासून झाडलोट करत होत्या. कचरा कानातून उशीवर पडायचा. एका सोमवारी बसचं जुनं तिकीट पडलं, दुसऱ्या सोमवारी एका साहेबानं दिलेली शिवी. श्रीपतींची मुलगी सुरेखा सुपलीनं ते भरून टाकायची. आत जागा झाली तसं श्रीपतींना सगळं आठवायला लागलं. तासगाव लाइनीवरच्या खांबांचे नंबर ते अंघोळ करताना ओळीनं म्हणायचे.

“अण्णा, बास की,” सुरेखा बाहेरून ओरडायची. “दोनशेबारावर आलाय. पाणी संपलं.”

पण श्रीपती खांबांसाठी इंजेक्शन घेत नव्हते. त्यांची बायको हौसा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि दिवाळीत एकदा ती नथ कुठल्या नाकपुडीत घालायची ते त्यांना आठवलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी केंद्रात नाव दिलं.

पाचव्या इंजेक्शननंतर उशीवर हिरवी बांगडी पडली.

श्रीपतींनी ती ओळखली. मग चपला पडल्या, अंगठ्याजवळ शिवलेल्या. मग तिची खिसणी, तिचा खोकला, ताकाला फोडणी दिल्याचा वास. सुरेखा म्हणाली, “हे आईचं आहे. हे नाही मी टाकणार.” तिनं सगळं माजघरात ठेवलं. सातव्या इंजेक्शनपर्यंत माजघर भरलं, पडवी भरली, आणि श्रीपतींना घरात अंग चोरून चालावं लागलं. घरभर हौसा होती. फक्त आत नव्हती.

“आई,” त्यांनी विचारलं, “हौसाला का बाहेर काढतेस?”

“ती आपल्यातली न्हाई,” आई कानातून म्हणाली. “तिचं वीजघर येगळं.”

“बायको आहे माझी.”

“माप कुठं वलांडलंय तिनं?”

हे मात्र खरं होतं. वरात दारात आली तेव्हा गावाची लाइन गेली होती. श्रीपती मुंडावळ्यांसकट खांबावर चढले. दोन तासांनी उजेड आला, तोवर दमलेली नवरी मागच्या दारानं आत जाऊन चुलीपाशी पेंगत होती. पायानं लवंडायचं तांदळाचं माप उंबऱ्यावर तसंच भरलेलं राहिलं. आईनं ते मरेपर्यंत मनात ठेवलं, आणि आता दिसत होतं की नंतरही.

आठव्या, शेवटच्या इंजेक्शनच्या सोमवारी सकाळी हौसाचं नाक उशीवर पडलं. नथ डावीकडे होती.

अकरा वाजता श्रीपती केंद्रातल्या खाटेवर उजव्या कुशीवर निजले. शेजारी सुरेखानं मोठी पिशवी ठेवली, तिच्यात तिनं आपल्या आईला, हौसाला, आणलं होतं.

“थांबवू या का, काका?” डॉक्टरांनी विचारलं. “थांबवलं तर उजेड जाईल, आणि बाकीचंही हळूहळू जाईल.”

“आणि दिलं तर?”

“सगळं राहील. काकू सोडून.”

“द्या,” श्रीपती म्हणाले. “सुरेखा, माप मांड.”

सुरेखानं टोपणात चिमूटभर तांदूळ भरले आणि ते कानाच्या पाळीवर ठेवलं. सुई टोचली तसा कान साठ वॉटवर गेला. आत तिघीजणी ओळीत उभ्या राहिल्या.

“नाव घ्या, मगच आत,” पणजी म्हणाली.

“ती थकलीय. मी घेतो.”

“बाप्या मानसानं आधी?” आजी हसली. “घे बाबा. बघू तरी.”

श्रीपतींनी घसा साफ केला.

“खांबावर चढून जोडल्या साऱ्या तारा,
हौसाचं नाव घेतो, उंबऱ्यावरून सरा.”

आत इतकं हसू फुटलं की खाट हलली. पणजीनं पदर तोंडाला लावला. आई हसत नव्हती, पण ती एक पाऊल बाजूला सरकली.

पिशवीत बांगडी वाजली. चपला एकमेकींना लागल्या, खोकला वर चढला, फोडणीचा वास त्यात मिसळला, आणि तुरीच्या दाण्याएवढी हौसा हिरवं लुगडं सावरत श्रीपतींच्या गालावर उभी राहिली. तिनं उजवा पाय उचलला.

लाइट गेली.

कान काळा पडला. केंद्रातले पंखे थांबले.

“श्रीपती,” आई आतून म्हणाली, “फाल्ट झालाय. जा, चढ.”

चौतीस वर्षांच्या सवयीनं त्यांचे पाय खाटेखाली शिडी शोधायला लागले.

“अवो,” हौसा गालावरून म्हणाली, “जाताय व्हय?”

“नाही,” श्रीपती म्हणाले. “आज मी रजेवर आहे.”

त्यांनी एक बोट गालाशी नेलं. तिनं ते धरलं. मग टोपण लवंडल्याचा आवाज आला, आणि तांदूळ पडायला लागले, एकेक करून, आत कुठंतरी खूप खोल.