रिकामी परत आलेली टोपली

मी एक जुनी वेताची टोपली आहे. मित्रांनो, माझी हकीकत फारशी सुखाची नाही, तरी तुम्ही ती ऐकावी असं मला वाटतं.

एका म्हाताऱ्या कारागिराने वेत भिजवून, वाकवून मला विणलं, वर घट्ट झाकण बसवलं. शिवणकाम करणाऱ्या एका ताईने मला कापडाचे तुकडे ठेवायला विकत घेतलं. पण पहिल्याच दिवशी तिची मांजर मखमल माझ्यात जाऊन झोपली आणि माझा धंदाच बदलला! तेव्हापासून ताईची चारही मांजरं माझ्यात बसूनच दवाखान्यात जायची. "या टोपलीत घातलं की हूं की चूं करत नाहीत," असं ताई सगळ्यांना सांगायची. मी आपली फुगून जायचे.

यंदा मखमलला तीन पिल्लं झाली. बटण, दोरा आणि टाचणी. दोन महिने झाले की त्यांना लस द्यायची होती. पण तेवढ्यात शाळेच्या गणवेशांचं काम आलं. "एवढं हातावेगळं करते, मग नेते," असं म्हणत ताईने तीन आठवडे काढले.

त्याच दिवसांत पलीकडच्या गल्लीतली तिची धाकटी बहीण मला मागून घेऊन गेली. तिला रस्त्यावर एक आजारी पिल्लू सापडलं होतं. दवाखान्याच्या वाटेवर ते माझ्यात ओकलं. दुसऱ्या दिवशी ते गेलं. धाकटीने मला ओल्या फडक्याने पुसलं, उन्हात ठेवलं आणि परत आणून दिलं.

"कसं आहे गं ते पिल्लू?" ताईने विचारलं.

"दिलं एकांना," धाकटी खाली बघत म्हणाली.

मला खरं ठाऊक होतं. पण टोपलीला नुसतं तोंड असतं, वाचा नसते. संध्याकाळी तिन्ही पिल्लं माझ्यात शिरली, एकमेकांवर लोळली, माझे काठ चावत बसली. मला किती बरं वाटलं! त्या बरं वाटण्याचीच आज लाज वाटते.

पाचव्या दिवशी टाचणीने खाणं सोडलं. पाण्याच्या वाटीवर मान टाकून नुसती बसून राहिली. मग दोरा, मग बटण.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा मांजरांचा पार्व्हो, झपाट्याने पसरणारा विषाणू. मोठ्यांना लस दिलेली आहे, ती बहुधा तरतील. पिल्लं वेगळ्या खोलीत ठेवा. आधी मोठ्यांचं खाणंपिणं उरका, मगच आजाऱ्यांकडे जा. तिथली भांडी, तिथले कपडे तिथेच राहू द्या."

ताईने शिवणाची खोली रिकामी केली. गणवेश तसेच पडून राहिले. टाचणी दोन दिवसांत गेली. दोरा ताईच्या मांडीवर गेला. बटण तेवढं सलाईनवर तगलं.

मग धाकटी आली. दारातच उभी राहिली.

"ताई, ते पिल्लू मी कुणाला दिलं नव्हतं गं. गेलं होतं ते. तू रागावशील म्हणून खोटं बोलले."

ताई दारापाशी आली. "सांगितलं असतंस तर..." एवढं म्हणून ती थांबली. "आणि मी तरी लस कुठे वेळेवर दिली? बस इथेच. आत येऊ नकोस, मोठी मांजरं आहेत." दोघी पायरीवर बसून रडल्या.

माझ्याबद्दलही डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या. प्लास्टिकची असते तर ब्लीचच्या पाण्याने धुता आलं असतं. वेताच्या फटींत हा विषाणू वर्षभरसुद्धा राहू शकतो. म्हणून उद्या मला जाळणार आहेत. तक्रार नाही माझी.

मित्रांनो, घरात चार मांजरं असली, तर एकाचं दुखणं एकाचं राहत नाही. लस लांबणीवर टाकू नका. नवं पिल्लू आणलं तर आधी वेगळं ठेवा. आणि काही बिनसलं असेल तर सांगून टाका, बोलणी खावी लागली तरी.

आत्ता मी अंगणात आहे. बटणने मला खिडकीतून पाहिलंय, काचेवर पंजा मारतंय. त्याला 'ये' म्हणावंसं फार वाटतं. पण ताईने लवकर पडदा ओढावा, असंच मी मनात म्हणते आहे.