ड्रमवरचा हात

जरीपटका भागातल्या बाजारामागच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर झेंडूच्या माळा घातलेला इलेक्ट्रॉनिक ड्रम होता. त्यामागचं स्टूल रिकामं होतं. आणि तरीही ड्रम वाजत होता.

नुसता वाजत नव्हता, बोलत होता. एक ठोका कानात कुजबुजल्यासारखा, तर त्याच्या पाठचा थेट छातीवर आदळणारा.

"मशीन मुर्दा होती!" नादानंद महाराजांनी दोन्ही हात वर केले. "अब उसमें प्राण आया! ब्रह्मांडाचं कंपन, क्वांटम ऊर्जा आणि बीजमंत्र यांचा संगम झाला, की गेलेला जीव आपल्या ठोक्यांत परत येतो. विक्रमबेटा, बाबांना नमस्कार कर!"

ड्रमने दोन हळुवार ठोके दिले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मागून कोणीतरी ओरडलं, "आला गा, पोरगा आला!"

क्वांटम म्हणजे काय, हे त्या गर्दीत कोणाला ठाऊक नव्हतं. महाराजांनाही नव्हतं. पण शब्द जितका कमी कळतो तितका तो पवित्र वाटतो, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या रांगेत मधुसूदनराव हात जोडून बसले होते. गाल ओले झाले होते, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

विक्रम त्यांचा एकुलता एक मुलगा. मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. रामदासपेठेतल्या फ्लॅटमध्ये मधुसूदनराव आणि सून उत्तरा, दोघंच उरले. उत्तरा एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करायची. सकाळी ती निघाली की मधुसूदनराव विक्रमच्या खोलीत जाऊन बसत. संध्याकाळी ती आली की दोघं समोरासमोर बसून जेवत, आणि भाजीत मीठ बरोबर आहे का, यापलीकडे बोलणं जात नसे. एकाच घरात दोघं एकटे होते.

मधुसूदनरावांनी मुलाचं वाजवणं कधी ऐकलंच नव्हतं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून विक्रम कानाला हेडफोन लावून वाजवायचा. दाराबाहेर यायची ती फक्त रबरावर काठ्या आपटल्याची टकटक. तो गेल्यावर उत्तराने ड्रमच्या यंत्रातली एक फाइल शोधून त्यांना ऐकवली होती. सगळे ठोके सारखे. जणू कचेरीत कोणी टाइप करत बसलंय.

"हा विक्रम नाही," ते म्हणाले होते.

"विक्रमच आहे, बाबा. या मिडी फाइलीत आवाज नसतो, फक्त नोंद असते. कुठल्या पॅडवर मारलं, केव्हा मारलं आणि किती जोरात. पण यंत्रावर एक बटण असतं. ते चालू राहिलं की हळू मारा नाहीतर जोरात, जोर एकच लिहिला जातो. त्याचं ते चालू राहिलं होतं."

"मग तो जोर परत आण ना. तुझं तर कामच आहे."

उत्तराने नकारार्थी मान हलवली. "जे लिहिलंच गेलं नाही, ते कुठून आणू? अंदाजाने घालता येईल. पण तो माझा अंदाज असेल, त्याचा हात नाही."

ती नाही म्हणाली, म्हणून ते महाराजांकडे गेले. महाराजांनी फाइलीचा पेनड्राइव्ह तांब्याच्या कलशात, बेलपानांवर ठेवला आणि पुढच्या रविवारी ड्रम घेऊन यायला सांगितलं. त्यानंतर मंगल कार्यालयातला तो चमत्कार घडला.

घरी परतल्यावर मधुसूदनराव उत्तराला म्हणाले, "हा फ्लॅट मी महाराजांच्या नादमंदिराला देऊन राहिलो. पुढच्या सभेत जाहीर करतो."

"आणि मी?"

"तूही राहा ना इथेच. विक्रम असेल."

"बाबा, विक्रम नाहीये."

त्या घरात हे वाक्य आजवर कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. मधुसूदनराव उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. उत्तरा मात्र थांबली नाही.

"मलाही तो हवाय. तुमच्याइतकाच हवाय. म्हणूनच दुसऱ्याच कोणाला त्याच्या नावाने घरात आणणार नाही. एक करा. ड्रमवर बसा."

"मला कुठे येतं वाजवायला?"

"म्हणूनच बसा. तुमचं वाजवणं मी तेच बटण चालू ठेवून नोंदते. ती फाइल विक्रमचीच दुसरी म्हणून महाराजांना द्या. महाराज खरे असतील तर सांगतील, की हा त्याचा हात नाही. तसं झालं तर फ्लॅट द्या. मी अडवणार नाही."

मधुसूदनराव लगेच तयार झाले. महाराज ओळखतील, याची त्यांना खात्री होती. ते पहिल्यांदाच मुलाच्या स्टुलावर बसले. पायाला पॅडल सापडेना. कसेबसे ठोके पडू लागले, मध्येच एक काठी हातातून निसटून पलंगाखाली गेली. ती वाकून काढली आणि पुन्हा वाजवू लागले.

पुढच्या सभेला गर्दी आणखी वाढली होती. ड्रम सुरू झाला. हळू, जोरात, पुन्हा हळू. वाजवणं अडखळत होतं, पण ठोक्यांत तोच जिवंतपणा होता. महाराजांचा चेहरा फुलला.

"वही हाथ! तोच लाडका हात! आज बेटा भावुक होऊन राहिला!"

आणि मग ड्रम एकदम थांबला. मधुसूदनरावांनी ती जागा ओळखली. वाजवताना याच ठिकाणी ते पलंगाखाली गेलेली काठी शोधत होते.

"ऐका ही शांतता!" महाराज कुजबुजले. "इथे बेट्याने बापाकडे पाहिलं. डोळे पुसले. आणि आता... पुन्हा वाजवतोय!"

सभागृहात हुंदके फुटले. मधुसूदनराव मात्र रडत नव्हते. एवढ्या माणसांत खरं काय ते त्यांना आणि त्यांच्या सुनेलाच माहीत होतं. गप्प बसले असते तर विक्रम दर रविवारी भेटत राहिला असता. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि क्षणभर तो फार गोड वाटला.

मग ते उठले.

"महाराज, हा विक्रम नाही. हा मी आहे. मी वाजवलंय हे. तुम्ही डोळे पुसले म्हणता, तेव्हा मी खाली पडलेली काठी शोधत होतो."

सभेतल्या माना महाराजांकडे वळल्या. पण महाराज कच्चे नव्हते. "वा! म्हणजे पुत्राचा आत्मा पित्याच्या हातात उतरला!" काहींनी टाळ्याही वाजवल्या.

तेवढ्यात उत्तराने व्यासपीठामागचा पडदा बाजूला सारला. मागे महाराजांचा शिष्य दुर्गेश लॅपटॉप घेऊन बसला होता. लॅपटॉपची तार थेट ड्रमच्या यंत्रात गेली होती.

"आत्मा आहे तर तार कशाला लागते?" तिने विचारलं. स्वतःचा लॅपटॉप आणि छोटा स्पीकर तिने टेबलावर ठेवला. "बाबांची मूळ फाइल ऐका." सपाट टकटक झाली. "आता संगणकावरचं हे बटण दाबते." तीच टकटक जिवंत झाली, हळू-जोरात होऊ लागली. "पुन्हा दाबते." पुन्हा जिवंत झाली, पण या वेळी जोर वेगळ्याच ठोक्यांवर होता. "संगणकाला एवढंच सांगायचं, की मात्रेवरचा ठोका जोरात घाल, मधले हळू, आणि थोडं इकडेतिकडे होऊ दे. स्टुडिओत आम्ही हे रोजच करतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण दर वेळी नवा हात येतो. सांगा महाराज, यातला विक्रम कोणता?"

दुर्गेशने लॅपटॉप घाईघाईने मिटला. महाराजांना दुसऱ्या कार्यक्रमाला उशीर होत असल्याचं आठवलं आणि ते बाजूच्या दाराने निघून गेले. काही जण उत्तराला बोल लावत बाहेर पडले. बाकीचे खाली मान घालून पांगले.

पारशिवनीहून आलेली जिजाबाई मात्र जागची हलली नाही. तिचा गेलेला मुलगा पियूष वरातीत वाजवणाऱ्या धुमाल पार्टीत इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवायचा. मुठीतला पेनड्राइव्ह तिने मधुसूदनरावांपुढे धरला.

"भाऊ, तुमचं खोटं निघालं. मायं बी खोटंच असन का गा?"

मधुसूदनराव तिच्याशेजारच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "हो बाई. महाराज देतील ते खोटंच असेल."

"मंग मी काय ऐकू?"

"याच्यात जे आहे तेच ऐका. माझ्या विक्रमचा जोर गेला, पण प्रत्येक ठोका केव्हा पडला ते तरी त्याचंच आहे. थोडंच आहे, पण खरं आहे." त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "आपल्याले दुःख आहे म्हणूनच हे लोक आपल्याकडे येतात, बाई. रडायला लाज नाही. पण कोणी म्हणालं, मी तुमचा माणूस परत आणतो, तर रडता रडताच त्याले विचारा, कसं आणतोस, दाखव. खऱ्याले या प्रश्नाचा राग येत नाही."

जिजाबाईने पेनड्राइव्ह पदराच्या टोकाला बांधला. "विचारीन," ती म्हणाली. हॉलचा माणूस खुर्च्या आवरू लागला, तरी ती दोघं तिथेच बसून होती. ती पियूषबद्दल सांगत होती आणि मधुसूदनराव ऐकत होते.