हरणीचं मुसकं

हरणीच्या खोगिराचा तंग आवळायला मी वाकलो आणि तिनं माझा दंड दातात धरला, सदऱ्यासकट. सहा वर्षांत त्या घोडीनं मला कधी टाप उचलून दाखवली नव्हती. माझं डोकं फिरलं. हातातल्या चाबकाची मूठ मी तिच्या मानेवर हाणली, एकदा नाही, दोनदा. ती मागं सरली आणि कान पाडून करकर दात खात उभी राहिली.

साळूबाई, म्हणजे आमची घरवाली, गोठ्यातलं शेण भरत होती. पाटी तिथंच टाकून ती मधे आली.

"आवो, काई लाज? तिचं काय दुखून राह्यलं ते तरी पघा!"

"दुखत न्हाई काई. माज आलाय तिला."

"काल सांजेपासून तोंड बांधून ठिवलंय तुमी. उपाशी जित्राबाला कशाचा आलाय माज?"

मी तिच्यावरच ओरडलो. आपली चूक दिसली की गडीमाणूस हेच करतो.

आमच्या धंद्याची रीतच तशी. भोकरदन तालुक्यातल्या धावड्यात माझी चार एकर कोरडवाहू, आणि जोडीला वरातीत नाचणारी ही घोडी. वरातीच्या आदल्या सांजेपासून घोडीला दाणा नाही, वैरण नाही. तोंडाला सुतळीचं मुसकं. का, तर पाठीवर नवरदेव असताना तिनं लीद टाकू नये. टाकली की करवल्या फिदीफिदी हसतात, व्याही रुसून बसतात आणि घोडीवाल्याला पुन्हा कुणी बोलवत नाही. शिवाय रिकाम्या पोटाची घोडी हलकी नाचते, असं जुने लोक सांगत. मी बापाकडून शिकलो, बाप त्याच्या चुलत्याकडून. एखाद्या वरातीला ते खपून जात असेल. पण नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात लग्नाच्या तिथी इतक्या दाट होत्या, की महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस हरणी मुसक्यात होती. हे मला तेव्हाही दिसत होतं. मी बघितलं नाही, एवढंच.

तिच्या बरगड्या वर आल्या. अंगावरची चकाकी जाऊन केस मातट झाले. दाण्याला तोंड लावायची, दोन घास खायची, मग मान वळवून पोटाकडं बघायची आणि वरचा ओठ उलटा करून जांभया द्यायची. मी तातेरावबाबांकडं गेलो. उभा जन्म त्यांनी बाजारात घोडी घेण्या-विकण्यात घातलेला.

"पोटात वारा धरलाय, मच्छिंद्रा," बाबा म्हणाले. "मसाला दे. मिरं, मोहरी, हिंग, काळं मीठ, समदं गुळात कालव. आन् वरातीच्या आधी दे, उपाशीपोटी. मंग पघ कशी नाचती."

आणि नाचली की! त्या सांजेला हरणी अशी नाचली की बँडवाले थकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी फेटा उडवला. ती बँडवर नाचत नव्हती. पोटात आग पडली म्हणून पाय आपटत होती, आणि मी खाली उभा राहून हसत होतो. आजही ते आठवलं की हातातला घास खाली ठेवावा लागतो.

मग मी भोकरदनच्या दुकानातून ताकदीची पावडर आणली. तिनं भागलं नाही म्हणून कॅल्शियमची बाटली, मग भूक लागायचं टॉनिक. शेजारचा कारभारी म्हणाला म्हणून जवसाचं तेल. कोनाड्यात डब्या-बाटल्यांची रांग लागली.

"आजार रेड्याला अन् औषध पखालीला," साळूबाई म्हणाली. "भूक लागायचं औषध देता, आन् भूक लागली की तोंड बांधता."

एके दिवशी दुपारी हरणी आडवी पडून लोळायला लागली. घामानं निथळत होती. मी भोकरदनहून जनावरांचे डॉक्टर आणले. पोरसवदा होते, पण हात शांत. त्यांनी हिरड्या बघितल्या, पोटाला नळी लावून ऐकलं.

"पोटात अल्सर दिसतोय, मामा. जखमा. दिवसातून किती वेळ उपाशी असते ही?"

"न्हाई साहेब. दाणापानी बिलकुल बराबर."

साळूबाई दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. डॉक्टरांनी सुई दिली, एक पांढरी पावडर दिली. ही पोटाला आतून लेप धरते, वीस दिवस चालू ठेवा, म्हणाले.

पावडर मी नेमानं दिली, देवाला फूल वाहावं तशी. आणि त्याच आठवड्यात दोन वराती केल्या. हरणी पुन्हा आडवी झाली. या वेळी तिला उठायचीही ताकद नव्हती.

पुन्हा बोलावलेले डॉक्टर बुचकळ्यात पडले. "औषध बरोबर आहे, मग फरक का नाही? आता औरंगाबादला न्यावं लागेल. तिथवर टिकेल का, सांगता येत नाही."

साळूबाई आत गेली आणि खुंटीचं मुसकं आणून तिनं डॉक्टरांपुढं टाकलं.

"डाक्टरसाहेब, हे बी पघा. हे औषध आमच्या घरी कवापासून चालू हाये."

मला वाटलं, धरणी फाटावी. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि लहान लेकराला सांगावं तसं बोलले. "मामा, घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास झिरपतं, त्यानं खाल्लं काय नि न खाल्लं काय. चारा चघळला की लाळ जाते, ती आम्लाला मारते. पोट रिकामं ठेवलं की ते पोटालाच खातं. तुम्ही वरून लेप देता आणि खालून आग लावता. तिच्यापुढं गवत संपू देऊ नका. थोडा लसूणघास द्या, तो पोट थंड ठेवतो. दाणा कमी. मसाला बंद. पावडर हवीच, पण ती चाऱ्याच्या जागी चालत नाही."

पुढच्या सगळ्या वरातींना मी नाही म्हणून सांगून आलो. पाच दिवस साळूबाईनं तिला मूठमूठ ओलं गवत भरवलं. सहाव्या दिवशी हरणी उठली. विहिरीकडच्या वाफ्यात मी लसूणघास टाकला. पोळ्यापर्यंत तिच्या अंगावर पुन्हा चकाकी आली. पण माझ्या हातातून ती घास घेईना. साळूबाईच्या हातातून घ्यायची. मी गेलो की कान पाडायची. तिचं काय चुकलं?

तुळशीचं लग्न झालं आणि अंबडहून साहेबराव नावाचा घोडीवाला विचारत विचारत घरी आला. त्याचीही घोडी तशीच वाळत चालली होती.

"मच्छिंद्रराव, तुमची घोडी मरता मरता उठली म्हनत्यात. पावडरचं नाव तेवढं सांगा."

तोवर ही गोष्ट मी गावात कुणाला सांगितली नव्हती. त्याला सगळी सांगितली, चाबकासकट. "पावडर मागून आली, साहेबराव. मीच तिला उपाशी मारून राह्यलो व्हतो. तोंड सोडलं, तवा बरी झाली."

साहेबराव हसला. "न्हाई सांगायचं तर न्हाई म्हना. धंद्याची गोष्ट हाये, समजतंय मला. उपाशी तं समदेच ठिवतात. माझा बाप ठिवीत व्हता." त्यानं कोनाड्यातला त्या पांढऱ्या पावडरचा रिकामा डबा उचलला. "हाच ना? भोकरदनात भेटल."

"तुमची घोडी आता कुठं हाये?"

"घरी. उद्या वरात हाये. येतानी तोंड बांधूनच आल्तो."

तो निघून गेला. मी तिथंच बसलो. साळूबाईनं माझी टोपी अंगावर फेकली. "बसून काय राह्यले? जा की जल्दी!"

येष्टी सुटता सुटता मी चढलो आणि साहेबरावाशेजारी बसलो.

"तुमी कुठं निघाले?"

"अंबडला. तुमच्या घोडीला चारा टाकायला."

तो चिडला. भोकरदनला उतरून त्यानं पावडरचा डबा घेतलाच. जालन्याच्या गाडीत मी त्याच्यासाठी जागा धरली होती. तो बसला, डबा मांडीवर ठेवला.

"आन् भर वरातीत तिनं लीद टाकली, तं?" तो म्हणाला. "माझी इज्जत जाईल, त्याचं काय?"

"मी मागं चालतो. या हातांनी उचलतो. लोक हसले, तर सांगा, हा धावड्याचा मच्छिंद्र हाये, ह्याला हसा."